भीतीचा टाळ वाजू द्या

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील अखंड हरिनाम सप्ताहात, हरिपाठानंतर झालेल्या भाषणाचे लेखी रूप)





आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. या सप्ताहात नामाचा महिमा ऐकला, संतांची चरित्रे ऐकली. आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही म्हटले, भीतीवर बोलू. एकदोघे हसले. म्हणाले, पांडुरंगाच्या मांडवात कसली आली भीती?

तिथेच खरी गोम आहे, बरं का. गळ्यात माळ आहे म्हणजे मनात भीती नसणार, असा आपल्याकडे समज आहे. त्यामुळे माळकऱ्याची दुहेरी पंचाईत होते. भीती तर वाटतेच, पण बोलून दाखवली तर लोक म्हणतील, "एवढ्या वाऱ्या करून काय मिळवलंस?" मग तो ती पोटात ठेवतो. वरून टाळ वाजतो, आतून काळीज वाजते.

आज रात्री आपण घरोघर जाऊ. कुणाच्या कपाटात बँकेची नोटीस असेल. कुणाच्या मुलाचे लग्न जमत नसेल. कुणाला शहरातल्या पोरीचा फोन दोनदा लागला नाही तर घाम फुटत असेल. एखाद्या मावशीला अंघोळ करताना छातीत गाठ लागली असेल आणि महिना झाला तरी ती कुणाला बोलली नसेल. कुणी म्हातारा रात्री छताकडे बघत असेल, की आपण अंथरुणाला खिळलो तर आपले कोण करील? या भीतीला गावात नाव नसते. ती असतेच, रोजच्या मीठ-मिरचीसारखी. म्हणून तिच्यावर बोलायचे.

अर्जुन बोलला म्हणून गीता झाली

आधी एक शंका फेडू. भीती वाटणे म्हणजे भक्ती कमी पडणे, हे खरे आहे का?

गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. धनुर्धरांत पहिला असा तो अर्जुन, आणि रथात उभा राहून तो काय सांगतो? तोंड कोरडे पडले, अंग थरथरते आहे, अंगावर काटा आला आहे, हातातले धनुष्य गळते आहे, उभे राहवत नाही. मंडळी, आपल्याला नोटीस हातात पडल्यावर जे होते तेच हे. पुढे अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यावर तर त्याने उघडच सांगितले, की देवा, मला भय वाटते आहे, तुझे ते ओळखीचे रूप दाखव. आणि भगवंताने काय केले? तू कसला भक्त, असे म्हटले नाही. ओळखीचे रूप दाखवले आणि धीर दिला.

आता विचार करा. अर्जुन गप्प बसला असता तर? लोक काय म्हणतील म्हणून त्याने थरथरणारे हात शेल्याखाली लपवले असते तर? गीता झालीच नसती. गीता नाही म्हणजे ज्ञानेश्वरी नाही. माऊलींनी नेवाशाला 1290 साली जो ग्रंथ पुरा केला, त्याच्या मुळाशी एका माणसाने आपल्या सख्याजवळ मन मोकळे करणे आहे. म्हणून भीती वाटली याची लाज नको. ती कुणाजवळच बोलायची नाही, ही सवय मात्र वाईट.

जागे करणारी आणि मुके करणारी

सगळ्या भीती सारख्या नसतात. आमच्या पाहण्यात दोन जाती आहेत. एक भीती माणसाला जागे करते. दुसरी माणसाला मुके करते.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागातले वारकरी इथे आहेत. तिकडे उसात बिबट्या राहतो, उसातच पिले घालतो. तिथला शेतकरी रात्रीच्या लायटीला पाणी द्यायला जाताना बॅटरी घेतो, सोबती घेतो, मोबाईलवर मोठ्याने भजन लावतो, पोरांना अंधारात अंगणात सोडत नाही. ही भीती त्याला कामाला लावते. ती घरच्या राखणदार कुत्र्यासारखी आहे. भुंकते, आपण उठतो, बघतो, कडी लावतो, ती गप्प होते. या भीतीचे ऐकावे. "मी माळकरी, मला काय होतंय" म्हणून अनवाणी उसात शिरणे ही भक्ती नव्हे.

2020 साल आठवा. जन्मात पहिल्यांदा आपली पावले ज्येष्ठात घरात राहिली. माऊलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या. 2021 लाही तसेच झाले. 2022 ला पुन्हा आपण पायी निघालो. ती दोन वर्षे काळजाला किती लागली ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण कुणी असे म्हणाले का, की वारकरी भ्याले आणि भक्ती आटली? नाही. लाखोंच्या गर्दीत रोग पसरेल, आपल्यामुळे दुसऱ्याचा जीव जाईल, ही जागे करणारी भीती होती आणि संप्रदायाने तिचे ऐकले. घराच्या उंबऱ्याला वाळवंट समजून नमस्कार केला.

त्याच दोन वर्षांत दुसरी भीतीही गावात फिरली. घरात ताप आला तरी लोक सांगेनात. सांगितले तर शेजारी दार लावतील, दूध घालायला कुणी येणार नाही. खोकला उशीत दाबला आणि दवाखान्यात उशिरा गेले. काही ठिकाणी खांदा द्यायला चार माणसे मिळाली नाहीत. रोग एकच, त्याच्या एका भीतीने माणसे वाचवली, दुसरीने माणसे तोडली.

तेव्हा भीती वाटली की तिला आधी एवढेच विचारा: तू मला उठून काही करायला सांगते आहेस, की गप्प बसायला सांगते आहेस? करायला सांगत असेल तर करा. गप्प बसायला सांगत असेल तर समजा, हिच्यापासून सावध राहायचे.

देहाचे काम

ही मुके करणारी भीती इतकी जड का होते, तेही समजून घेऊ. बांधावर अचानक साप दिसला तर काय होते? छाती धडधडते, श्वास भरभर चालतो, हातपाय ताठ होतात, पोटात गोळा येतो. देह पळायची नाहीतर काठी उचलायची तयारी करतो. आपण उडी मारून मागे सरतो, साप निघून जातो, घटकाभराने देह ठिकाणावर येतो. देवाने दिलेली ही सोय आहे.

पण बँकेची नोटीस सापासारखी निघून जात नाही. तिच्यापुढून पळता येत नाही, तिला काठीही मारता येत नाही. देहाला मात्र फरक कळत नाही. तो साप समोर असल्यासारखा महिनोन्‌महिने ताठ राहतो. मग झोप जाते, जेवण जात नाही, रक्तदाब वाढतो, साखर वर चढते, घरात शब्दाला शब्द लागतो. माणूस म्हणतो, माझे डोके चालत नाही. डोके वाईट नसते. रात्रंदिवस पहाऱ्यावर राहून ते थकलेले असते.

दिंडीत हलके का वाटते, याचे एक कारण यातच आहे. दिवसभर चालणे होते. पायाला काम मिळाले की देहाने साठवलेली तयारी खर्ची पडते. भजनाला चाल लांबवावी लागते, म्हणजे श्वास सावकाश सोडावा लागतो. श्वास लांबला की धडधड उतरते. म्हणून घरी रात्री काळीज धडधडू लागले तर उठून बसा, पाणी प्या, हळू आवाजात हरिपाठ म्हणा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. आणि एक नियम पाळा: रात्री दोनला मनात आलेला कोणताही मोठा निर्णय सकाळी उजाडेपर्यंत करायचा नाही. रात्री भीतीची सावली मोठी पडते.

एवढ्याने नोटीस मिटणार नाही, हे आम्हालाही कळते. पण नोटिशीकडे बघायला डोके ताळ्यावर लागते.

वेळापूरच्या मुक्कामातली गोष्ट

काही वर्षांपूर्वी वेळापूरच्या मुक्कामात आपल्या दिंडीतला एक टाळकरी रात्री तंबूबाहेर बसून होता. स्वयंपाकातल्या एक आजी पहाटे तीनला उठल्या. त्यांनी पाहिले. म्हणाल्या, "माऊली, झोप नाही का?" तो म्हणाला, "नाही." आजी म्हणाल्या, "मग बस इथं. पीठ चाळ."

तो पीठ चाळत बसला. आजींनी काही विचारले नाही. अर्धा तास गेला आणि तो आपणहून बोलू लागला. सोसायटीचे कर्ज, बँकेत गहाण ठेवलेले दागिने, खताच्या दुकानाची उधारी, आणि चौथे सावकाराचे. हे चौथे घरात कुणालाच माहीत नव्हते. बोलता बोलता तो असेही म्हणाला, की आता परत घरी जाऊच नये असे वाटते. आजींनी भाकरी थापणे थांबवले. उपदेश केला नाही. एवढेच विचारले, "आमच्या लेकीला हे ठावं हाय का?" तो म्हणाला, "नाही." आजी म्हणाल्या, "मग आधी तिला फोन लाव. आणि आजपासून तू माझ्या नजरेसमोर चालायचं."

सकाळी दिंडीतले एक निवृत्त गटसचिव त्याच्याजवळ वही घेऊन बसले. कुणाचे, किती, व्याज काय, मुदत कधी, हे सगळे लिहून काढले. बेरीज एका रुपयाने कमी झाली नाही. पण डोक्यात जो नुसता अंधार होता त्याचे चार ओळींत चार धनी झाले. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात पीककर्जाचे पुनर्गठन मागता येते, हे त्याला कळले. सावकाराकडे परवाना नव्हता. विनापरवाना सावकारीविरुद्ध 2014 चा कायदा आहे आणि सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, हे कळले. त्याचे कर्ज अजून पुरते फिटलेले नाही. पण तो आहे. दर वर्षी आपल्याबरोबर चालतो, आणि पहाटे पीठ चाळायला बसतो.

याच्या दोन वर्षे आधी आपल्याच टापूतला एक जण गेला. नाव घेत नाही, घरची माणसे मांडवात आहेत. त्याच्या मागेपुढे माणसे होती. कुणाला काही ऐकू आले नाही, कारण त्याची भीती त्याला शेवटपर्यंत बोलू देत नव्हती. रांगेतल्या त्याच्या जागी आज दुसरा टाळकरी उभा राहतो. घरातली जागा मात्र तशीच रिकामी आहे.

मंडळी, या दोघांच्या कर्जात फारसा फरक नव्हता. एकाला तीन वाजता कुणीतरी भेटले, एवढाच फरक.

समाज आरतीचा नियम

आता ज्यासाठी हे सगळे सांगितले तिथे येतो.

माऊलींच्या सोहळ्यात संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाज आरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंच करून हाळी देतात आणि क्षणात सगळीकडे शांतता होते. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. लाखोंचा समाज गप्प आणि एकट्या त्या दिंडीचा टाळ वाजत राहतो. मग चोपदार तिच्याजवळ जातात, काय अडचण आहे ते विचारतात. कुणी हरवले असेल, काही सापडले असेल, तेही तिथेच पुकारले जाते. तक्रार ऐकून घेतल्यावर मग आरती.

केवढी शहाणी रीत आहे ही! पहिली गोष्ट, तक्रार असणे हा अपराध नाही. तिच्यासाठी ठरलेली वेळ आहे, ठरलेली जागा आहे. दुसरी गोष्ट, तक्रार असेल त्याने वाजवायचे आणि बाकीच्यांनी थांबायचे. "गप्प बसा, सगळ्यांना उशीर होतोय" असे म्हणायचे नाही. तिसरी गोष्ट, चोपदाराने त्याच्यापर्यंत चालत जायचे. दुरून हात हलवायचा नाही.

आता प्रत्येकाने आपल्या घरात बघावे. आपल्या घरात अशी समाज आरती होते का? सून घाबरली असेल तर तिचा टाळ कुणाला ऐकू येतो का? दहावी-बारावीचे पोर निकालाच्या भीतीने जेवत नसेल तर चोपदार होऊन कोण त्याच्याजवळ जाते? आपण बहुतेक ठिकाणी "काही होत नाही" या दोन-तीन शब्दांत विषय मिटवतो. धीर द्यायचा म्हणून म्हणतो, पण समोरच्याला ऐकू येते: गप्प बस. त्याऐवजी विचारावे, "काय होईल असं वाटतंय तुला?" आणि मग मधे न बोलता ऐकावे. ऐकणाऱ्याजवळ उत्तर असलेच पाहिजे असे नाही. वेळापूरच्या आजींजवळ तरी कुठे होते?

सोहळ्याची आजची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी घातली. त्यांच्याबद्दल परंपरेत एक कथा सांगतात. शिंद्यांच्या पदरी असलेले हैबतबाबा गावी परतताना सातपुड्यात भिल्लांच्या तावडीत सापडले, गुहेत कोंडले गेले, तिथे हरिपाठ म्हणत राहिले आणि सुटले. पुढे ते आळंदीला माऊलींच्या सेवेत राहिले. आम्हाला नेहमी वाटते, अंधाऱ्या गुहेत एकटे पडणे म्हणजे काय ते या माणसाला ठाऊक होते. त्यांच्या सोहळ्यात रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीला क्रमांक, क्रमांकाची जागा. कुणी मागे राहिले तर लगेच कळावे. वाटेत कुणीच एकटे पडू नये, अशी ही बांधणी आहे.

भीती विकणारे

आपण बोललो नाही तर आपली भीती दुसरा कुणी ओळखतो आणि तिचा बाजार मांडतो.

सापाचेच बघा. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य विषारी साप. बाकी पुष्कळ साप बिनविषारी. बिनविषारी साप चावलेला माणूस भगताकडे नेला तर तो वाचणारच, आणि नाव मंत्राचे होते. मग घोणस चावलेलाही तिथेच नेतात आणि हाताशी असलेले दोन तास जातात. साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. माणसाला धीर द्या, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, 108 ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. विषावरचे औषध तिथे आहे. सर्पदंशाला उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र करणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे.

नवे भगत फोनवर येतात. "तुमच्या नावाने पार्सल सापडले आहे, आम्ही पोलीस आहोत, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कुणाला सांगू नका, पैसे पाठवा." शिकलेली माणसे यात आयुष्याची पुंजी घालवून बसली आहेत. डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यातच नाही. फोन ठेवा, घरात सांगा, 1930 वर तक्रार करा.

भगत असो की फोनवाला, ओळखायची खूण एकच आहे. भीती विकणारा नेहमी म्हणतो, "कुणाला सांगू नका." आपला माणूस म्हणतो, "घरात सांगितलंस का?"

मघाशी ज्या मावशीचे बोललो, तिलाही हेच सांगणे. माई, छातीतल्या पुष्कळ गाठी साध्याच असतात. जी साधी नसते ती लवकर कळली तर तिच्यावर उपाय होतो. वेळ घालवण्यात धोका आहे. जाऊबाईला, लेकीला, मैत्रिणीला, कुणाला तरी आजच सांगा आणि दवाखान्यात दोघी जा.

वीणा खाली ठेवत नाहीत

या सप्ताहात सात दिवस, रात्रंदिवस वीणा उभी आहे. ती जमिनीला टेकवत नाहीत. पण एकच माणूस सात दिवस उभा राहिला का? नाही. पहारे लावले. एकाची वेळ संपली की दुसरा येतो, पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. पहिला घरी जाऊन झोपतो. वीणा अखंड राहते ती माणसे बदलतात म्हणून.

आजाऱ्याच्या उशाशी बसलेली बाई, दारूड्या मुलाची आई, कर्जात बुडालेला बाप, ही माणसे एकटीच सगळे पहारे करतात. त्यांना आपण सोडवायला गेलो, एक रात्र, एक दुपार, तर त्यांचे दुःख संपणार नाही. पण ती झोपतील. झोपून उठलेल्या माणसाला तीच वाट थोडी कमी उभी दिसते.

आणि काही वेळा भीती इतकी खोल उतरलेली असते, की नुसत्या सोबतीने भागत नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कारण नसताना छाती दाटते, जगू नये असे वाटते, तेव्हा डॉक्टरकडे जायचे. ताप आल्यावर जातो तसे, लाज न धरता. सरकारचा 14416 हा टेली-मानसचा क्रमांक रात्रंदिवस चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते. डॉक्टरची गोळी घेणारा नामाला पारखा होत नाही.

आपण कुणाची भीती आहोत?

शेवटचा मुद्दा थोडा अवघड आहे. आतापर्यंत आपल्याला काय भिववते ते बोललो. आता उलटे बघू. आपल्याला कोण भिते?

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे. सत्य, अहिंसा, दया सगळे त्यात आहे, पण यादीत पहिले नाव अभय. आणि बाराव्या अध्यायात भक्ताचे लक्षण सांगताना भगवंत म्हणतात, की ज्याच्यापासून लोकांना त्रास-भय होत नाही आणि ज्याला लोकांपासून होत नाही, तो मला आवडतो. क्रम बघा. आधी आपल्यापासून लोकांना भय नको, मग लोकांचे आपल्याला.

1629-30 चा दुष्काळ. माणसे अन्नाला महाग झाली. देहूला तुकोबांचा व्यापार बुडाला, घरात पत्नी गेली. म्हणजे भीती दुसऱ्याच्या दारात होती आणि यांच्या दारात नव्हती, असे नाही. अशा वेळी वडिलांपासून चालत आलेली लोकांकडच्या येण्याची खते होती. आपल्यासारखा म्हणाला असता, आता तर वसुली करायलाच हवी. परंपरा सांगते, की तुकोबांनी भावाच्या वाट्याची खते भावाकडे दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. त्या दिवशी देहूच्या पंचक्रोशीत किती घरांत माणसे शांत झोपली असतील! ज्या माणसाने दुसऱ्यांच्या घरातली भीती काढून नदीत सोडली, तो स्वतः कुणाला भिणार?

आपल्याला एवढे जमणार नाही. पण आपला बूट वाजला की घरातली पोरे गप्प होत असतील, आपला फोन आला की कुणी कूळ, कुणी गडी दचकत असेल, सुनेला माहेरी फोन करायची चोरी असेल, तर मांडवातून घरी जाताना त्याचा विचार करावा. आपल्या हातात असलेली एक भीती तरी सोडावी. उसने दिलेल्या माणसाला स्वतःहून सांगावे, "सुगी होऊ दे, मग बघू." लेकाला सांगावे, "निकाल काहीही लागो, जेवायला घरी ये." हेही अभयदानच आहे. याला पैसा लागत नाही.

दुसऱ्या शतकाचा एक नेम

शताब्दीला पुष्कळ संकल्प सोडतात. नवी पताका, नवा मृदंग, मंदिराचा कळस, सगळे होऊ द्या. दिंडीच्या जुन्या मंडळींनी मिळून त्यात आमचा एक लहान नेम घातला आहे, तो आपण सगळ्यांनी उचलावा. गावात दर एकादशीला भजन होते. आरतीच्या आधी घटकाभर टाळ थांबवायचे आणि विचारायचे, कुणाची काही अडचण? कुणी बोलले तर ऐकायचे. चारचौघांत बोलणे जमत नसेल तर दोन पुरुष आणि दोन बाया नेमलेल्या असतील, त्यांच्याजवळ एकट्याने बोलावे. ते ऐकलेले गावभर करणार नाहीत, गरज पडली तर बँकेत, दवाखान्यात, कचेरीत सोबत येतील. चोपदाराचे काम करतील. आणि पंधरा दिवसांत जो भजनाला दिसला नाही, त्याच्या घरी त्याच आठवड्यात कुणीतरी जाऊन येईल.

कुणी बोललेच नाही तर? पहिल्या पाच एकादश्यांना कुणी बोलणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. तरी विचारत राहायचे. सहाव्या एकादशीला एखादा टाळ थांबणार नाही. तेव्हा आरती थोडी उशिरा होईल. विठोबाला त्याची सवय आहे. पुंडलिक आईबापाची सेवा आटोपेपर्यंत तो विटेवर थांबलाच होता.

बोला, पुंडलिक वरदे हारी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!